नाकावर आईचं नाव

वाचकाचा प्रश्न

कर्वेनगरहून एका वाचकांनी पत्र पाठवलं आहे. वय ४७, चाकणच्या एका कारखान्यात नोकरी, घरी पत्नी, आई आणि नववीतली मुलगी. त्यांनी युद्धकाळातल्या लष्करी विमानांची सत्तरेक डायकास्ट, म्हणजे साच्यात ओतलेल्या धातूची, मॉडेल्स जमवली आहेत. हॉलमधल्या काचेच्या कपाटात ती मांडलेली असतात, आणि रविवारी मऊ ब्रशनं त्यांच्यावरची धूळ झाडायचं काम मुलगी आवडीनं करायची. यंदा शाळेत हिरोशिमा दिनाचा कार्यक्रम झाला. घरी आल्यावर ती कपाटापुढे उभी राहिली, बी-२९ बॉम्बरच्या नाकावरची अक्षरं तिनं वाचली आणि विचारलं, "बाबा, एनोला गे म्हणजे त्या पायलटच्या आईचं नाव ना? आईचं नाव लिहून त्यानं बॉम्ब टाकला?" हे म्हणाले, "अगं, हे नुसतं मॉडेल आहे." त्या दिवसापासून ती ब्रशला हात लावत नाही. पत्नी म्हणाली, "बरोबरच विचारलं तिनं." लढाईची सामानं घरात नकोत, असं आईंचं पहिल्यापासूनच म्हणणं आहे. वाचक विचारतात : "हल्ली मला कपाटाकडे बघवत नाही. मी युद्धाचं उदात्तीकरण करतोय का? सगळा संग्रह विकून टाकावा, की हा निरुपद्रवी छंद आहे हे मुलीला पटवून द्यावं?" पत्राच्या शेवटी एक वाक्य ओघात येऊन गेलं आहे : "पार्सलं मी ऑफिसच्या पत्त्यावर मागवतो, म्हणजे घरी विषय नको."

सल्ला

नमस्कार.

तुमच्या मुलीनं प्रश्न विचारलाय. तुम्ही तो निकाल असल्यासारखा घेतलात, आणि आता शिक्षा कोणती भोगायची एवढंच मला विचारताय : सगळं विकायचं, की आपण निर्दोष आहोत हे शाबीत करायचं? तिनं यातलं काहीच मागितलेलं नाही. एका माणसाचं आईवर प्रेम होतं आणि तोच माणूस सकाळी सव्वाआठला एका शहरावर अणुबॉम्ब टाकून आला, या दोन गोष्टी तिला एका जागी बसवता येईनात. मोठ्यांनाही त्या बसवता येत नाहीत. हा गुंता घेऊन ती घरातल्या सगळ्यात जाणकार माणसाकडे आली, आणि तो जाणकार माणूस म्हणाला, हे नुसतं मॉडेल आहे.

ती दुखावली असेल तर इथं, असं मला वाटतं. कारण तुम्ही स्वतः त्याला कधीच नुसतं मॉडेल मानलेलं नाही, आणि हे तिला पक्कं ठाऊक आहे. नुसतं मॉडेल असतं तर शेपटीवरच्या वर्तुळातला 'आर' आणि अंगावरचा ८२ हा आकडा बरोबर छापलाय का, हे तुम्ही कशाला बघितलं असतं? तो 'आर' त्या विमानाच्या तुकडीचा नव्हताच, शत्रूला चकवण्यासाठी दुसऱ्या तुकडीची खूण रंगवली होती, हेही तुम्हाला माहीत असणार. माझा धाकटा भाऊ याच नादातला आहे, त्यामुळे ही मंडळी मला जवळून माहीत आहेत. नवीन मॉडेल हातात आलं की आधी वजन, मग पॅनेलच्या रेषा, मग चाकं उघडी-मिटलेली दोन्ही बसतात का, मग रंगाची छटा आणि शेवटी नंबर. नंबर कळला की हवाई दलाची कुठली तुकडी म्हणजे स्क्वाड्रन, कुठला वैमानिक, कुठली तारीख, इथपर्यंत गाडी जाते. बाजारातलं खेळण्यातलं विमान कुठलंही असू शकतं. तुमच्या कपाटातलं प्रत्येक विमान मात्र एक ठरावीक विमान आहे, ठरावीक दिवसाचं. मग त्या दिवशी त्या विमानानं काय केलं, हा प्रश्न बाहेरचा कसा? तो तुमच्याच छंदातला पुढचा प्रश्न आहे. तुमची अचूकता रंगापाशी थांबली होती, मुलगी तिथून पुढे निघाली.

तिला काय सांगता आलं असतं ते बघू. अजूनही सांगता येईल.

त्या विमानाचा वैमानिक पॉल टिबेट्स, आणि त्याच्या आईचं नाव एनोला गे टिबेट्स. डॉक्टरकीची वाट सोडून त्यानं वैमानिक व्हायचं ठरवलं तेव्हा वडील नाराज झाले, आई पाठीशी उभी राहिली. ती आठवण ठेवून ५ ऑगस्ट १९४५ला, उड्डाणाच्या आदल्या दिवशी, त्यानं तिचं नाव विमानाच्या नाकावर रंगवून घेतलं. दुसऱ्या दिवशी हिरोशिमावर बॉम्ब फुटला. त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत सुमारे १ लाख ४० हजार माणसं गेली. टिबेट्स २००७पर्यंत जगला आणि आपल्याला पश्चात्ताप नाही, असंच शेवटपर्यंत सांगत राहिला. युद्ध त्यामुळे लवकर संपलं आणि पुढची प्राणहानी टळली, ही त्याची बाजू. दुसरी बाजू हिरोशिमाच्या शांतता स्मारक संग्रहालयात आहे : एक गंजलेली तीनचाकी सायकल. शिनइची तेत्सुतानी नावाचा, अजून चार वर्षांचाही न झालेला मुलगा त्या सकाळी घरापुढे ती चालवत होता. वडिलांनी त्याला सायकलसकट अंगणात पुरलं. चाळीस वर्षांनी, १९८५मध्ये, त्याचे अवशेष घराण्याच्या थडग्यात हलवताना सायकल संग्रहालयाला दिली.

आणखी एक गोष्ट तिला माहीत नसेल. या जातीचं विमान पहिल्यांदा लढाईवर गेलं ते आपल्या देशातून. ५ जून १९४४ला खरगपूरच्या आसपासच्या धावपट्ट्यांवरून बी-२९ विमानं उडाली आणि बँकॉकच्या रेल्वे यार्डावर बॉम्ब टाकून आली. ज्या बंगालात वर्षभरापूर्वी माणसं भुकेनं रस्त्यात पडत होती, त्याच बंगालात त्या जगातल्या सगळ्यात महागड्या बॉम्बरसाठी धावपट्ट्या तयार झाल्या होत्या. हे सगळं एका संध्याकाळी सांगून होणार नाही. पण यातलं थोडं जरी त्या दिवशी तुमच्या तोंडून आलं असतं, तर रविवारचा ब्रश बहुधा थांबला नसता.

तुम्ही ज्या पेचात आहात, त्यात अमेरिकेचं राष्ट्रीय हवाई आणि अवकाश संग्रहालयही सापडलं होतं. बॉम्बहल्ल्याला पन्नास वर्षं होत होती, १९९५ साल. खऱ्या एनोला गेचा पुढचा भाग मांडायचा आणि शेजारी हिरोशिमातल्या मृतांच्या वस्तू ठेवायच्या, असा बेत होता. माजी सैनिकांच्या संघटना खवळल्या, प्रकरण तिथल्या संसदेपर्यंत गेलं, ते प्रदर्शन रद्द झालं आणि संचालकांनी राजीनामा दिला. मग एक छोटं, वाद टाळणारं प्रदर्शन उरलं. २००३मध्ये पूर्ण विमान व्हर्जिनियातल्या नव्या इमारतीत उभं राहिलं तेव्हा फलकावर मुख्यतः विमानाची तांत्रिक माहिती होती; मृतांबद्दल काही नाही म्हणून इतिहासकारांनी आणि त्या हल्ल्यातून वाचलेल्यांनी निषेध केला. एवढ्या मोठ्या संस्थेला दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी मांडता आल्या नाहीत, कारण तिच्यावर चारी बाजूंनी दबाव होता. तुमच्यावर कुणाचाही दबाव नाही. तुमच्या हॉलमध्ये ते जमू शकतं.

आता तुम्ही सुचवलेल्या दोन्ही वाटा बघू.

सगळं विकलंत तर मुलगी काय शिकेल? बाबांना अवघड काही विचारलं की घरातली वस्तू नाहीशी होते, हे. पुढचा अवघड प्रश्न ती विचारणार नाही, आणि पंधरा-सोळाव्या वर्षी मुलांचे पुढचे प्रश्न कशाकशाबद्दल असतात ते मी तुम्हाला सांगायला नको. शिवाय अपराधीपणाच्या भरात विकलेल्या संग्रहाचा राग कुठेतरी साठून राहतो, आणि तो निघतो भलत्याच दिवशी, भलत्याच माणसावर. बहुधा पत्नीवर.

छंद निरुपद्रवी आहे हे पटवून द्यायला गेलात, तर तुम्हाला विमानाचं काम झाकून ठेवावं लागेल. इंजिन किती अश्वशक्तीचं होतं ते सांगायचं आणि पोटात काय भरलेलं होतं ते वगळायचं. नववीतली मुलगी हे लगेच ओळखते.

तिसरी एक वाट बरेच संग्राहक धरतात, तुमच्याही मनात आली असेल : शत्रूची विमानं काढून टाकायची, आपली तेवढी ठेवायची. ऐकायला सोपी आहे. पण दुसऱ्या महायुद्धात 'आपली' म्हणजे कुणाची? १९४४मध्ये इंफाळवर अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखाली भारतीय हवाई दलाची एक नंबरची स्क्वाड्रन हरिकेन विमानं उडवत होती. त्याच डोंगरांत, जपानी फौजेच्या बाजूनं, आझाद हिंद फौजेचे सैनिक चालत होते. वर आपला माणूस, खालीही आपलाच माणूस. त्याच सुमारास आपल्याकडे साताऱ्यात नाना पाटलांचं प्रतिसरकार इंग्रजांशी लढत होतं, आणि त्याआधी १९४२च्या ऑगस्टमध्ये बिहारात रूळ उखडणाऱ्या जमावांवर सरकारनं विमानांतून मशीनगन चालवल्या होत्या. दुसरीकडे, ज्या झिरो या लढाऊ विमानाला तुम्ही शत्रूच्या रांगेत ठेवाल, ते जपानी नौदलाचं; त्याच नौदलाच्या विमानवाहू जहाजावरून आलेल्या विमानांनी ६ एप्रिल १९४२ला विशाखापट्टणम आणि काकीनाड्यावर बॉम्ब टाकले होते. म्हणजे झिरो काढून टाकलंत तर हाही धडा कपाटातून गेला. मला विचाराल तर शत्रूच्या विमानांशिवाय असलेला संग्रह फार अपुरा दिसतो.

उदात्तीकरणाच्या शंकेबद्दल एवढंच सांगते. आपल्याकडे दर दिवाळीला अंगणात किल्ला होतो. तोफा असतात, भाला रोखलेले मावळे असतात, आणि पुण्यातल्या कुठल्याही आजीला ते लढाईचं सामान वाटत नाही, कारण प्रत्येक मावळ्याबरोबर गोष्ट आलेली असते. पावनखिंड कुणी लढवली, कोण पडलं, कशासाठी पडलं, हे किल्ला बांधणाऱ्या पोराला माहीत असतं. तुमच्या कपाटाला ती गोष्ट जोडलेली नाही, एवढंच कमी आहे. फक्त एक फरक राखा : किल्ल्यावर आपण समोरच्या बाजूची गोष्ट सहसा सांगत नाही. तुम्ही सांगा.

म्हणून माझी सूचना आहे : प्रत्येक विमानापुढे एक छोटं कार्ड. मराठीत, हातानं लिहिलेलं, चार-पाच ओळींचं. संग्रहालयातल्या फलकासारखी लांबी-रुंदी-वेग लिहू नका, ते बॉक्सवर छापलेलं असतंच. विमान कुणाचं, कुठलं, कोणत्या दिवशीचं, काय करत होतं, आणि त्या वेळी खाली कोण होतं. शेवटचा मुद्दा गाळायचा नाही. हरिकेनसाठी नमुना लिहून देते :

"हॉकर हरिकेन. भारतीय हवाई दल, स्क्वाड्रन क्रमांक १, इंफाळ, १९४४. काम टेहळणीचं. प्रमुख : स्क्वाड्रन लीडर अर्जन सिंग. गोलातला लाल ठिपका काढून टाकला आहे, जपानी विमान समजून आपल्याच तोफांनी पाडू नये म्हणून. खाली जपानी सैन्य आणि आझाद हिंद फौज."

स्टुका या सूर मारून बॉम्ब टाकणाऱ्या जर्मन विमानाच्या कार्डावर १ सप्टेंबर १९३९ची पहाट आणि पोलंडमधलं वीलून हे गाव येईल, आणि सूर मारताना वाजणारा तो भोंगा केवळ माणसांनी घाबरावं म्हणून बसवला होता, हेही. नॅट या आपल्या हवाई दलाच्या छोट्या लढाऊ विमानाच्या कार्डावर १४ डिसेंबर १९७१, श्रीनगर, फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों. हवाई दलातले एकमेव परमवीरचक्र विजेते ते. त्यांचं नाव पुष्कळांना माहीत असतं. ते उडवत असलेलं विमान इतकं लहान होतं की १:७२मध्ये, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शात, त्याचे पंख साडेनऊ सेंटीमीटरही भरत नाहीत, हे तळहातावर ठेवून दाखवा. शेजारी त्याच मापातलं बी-२९ ठेवायचं म्हटलं तर साठ सेंटीमीटर जागा लागेल. एका माणसानं अंगावर घेतलेली लढाई आणि अकरा-बारा माणसांनी दहा किलोमीटर उंचीवरून केलेलं काम यांतला फरक त्या दोन पंखांमध्येच दिसतो.

मेसरश्मिट हे जर्मन लढाऊ विमान असेल तर त्याच्या शेपटीकडेही बघा. जर्मनीतल्या कायद्यामुळे बरेच उत्पादक तिथलं नाझी चिन्ह छापतच नाहीत किंवा वेगळं स्टिकर देतात. ते चिकटवायचं की नाही हा निर्णय घरातल्या सगळ्यांना विचारून घ्या. उंबऱ्यावर रोज स्वस्तिक काढणाऱ्या आईंना आणि शाळेत छळछावण्यांबद्दल वाचलेल्या मुलीला ते चिन्ह वेगवेगळं दिसणार आहे, आणि दोघींना एकमेकींचं म्हणणं ऐकू दे.

सत्तर कार्डं एका सुट्टीत होणार नाहीत, व्हायची गरजही नाही. सुरुवात बी-२९पासून करा. मुलीला सांगा, "त्या दिवशी मी नीट उत्तर दिलं नाही. मला जेवढं माहीत आहे ते असं आहे." मग टिबेट्स, त्याची आई, ती सायकल, सगळं सांगा. आणि तुमचं स्वतःचं मत विचारलं तर तेही सांगा, बिचकू नका. ते विमान तुम्ही का घेतलंत? यंत्र म्हणून ते तुम्हाला सुंदर वाटतं का? वाटत असेल तर तसं म्हणा. भयंकर कामासाठी बनवलेली वस्तू देखणी असू शकते, हे मुलीला तुमच्याकडून कळलं तर बरं. नाहीतर ते तिला एकटीला कळेल आणि तिला स्वतःचीच लाज वाटेल. कार्ड तिनं लिहावं असा आग्रह धरू नका. ती लिहायला बसली तर मात्र तिचा मजकूर दुरुस्त करू नका, तारीख चुकली असेल तेवढीच सांगा.

आणि दोघं, जमलं तर चौघं, खडकीच्या युद्धस्मशानभूमीत जाऊन या. पश्चिम आणि मध्य भारतात विखुरलेली दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांची थडगी तिथं आणून एकत्र केली आहेत. दीड हजारांहून जास्त आहेत. रॉयल एअर फोर्सचा गरुड कोरलेला दगड दिसला की थांबा आणि वय वाचा. तुमच्या कॉकपिटमधल्या दाण्याएवढ्या माणसाचं वय किती असायचं, ते तिथं कळतं. परत येताना घोरपडीजवळच्या दक्षिण मुख्यालयाच्या राष्ट्रीय युद्धस्मारकात खरं मिग-२३ उभं आहे, तेही बघा. लोहगावच्या धावपट्टीवरून उठणाऱ्या सुखोईंचा आवाज तर पुणेकरांच्या कानावर अधूनमधून पडतच असतो. तुमचा विषय या शहरात पुस्तकात शोधावा लागत नाही.

आईंबद्दल थोडक्यात. १९७१ला त्या विशीच्या आसपास असतील. त्या वेळच्या ब्लॅकआउटच्या रात्री त्यांनी पाहिल्या असतील, तर लढाईची सामानं नकोत हे त्यांचं म्हणणं वास्तूबिस्तूच्या पलीकडचं आहे. नॅट त्यांच्या हातात द्या आणि तेव्हाचं काय आठवतं ते विचारा. त्यांनी सांगितलेली एखादी ओळ त्या कार्डावर यायला हवी.

आता पार्सलांकडे वळते. हे वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात, पण माझ्या मते पत्रातलं सगळ्यात वजनदार वाक्य तेच आहे.

"बरोबरच विचारलं तिनं" असं पत्नी म्हणाली, ते तुम्ही हिरोशिमाबद्दल आहे असं धरलंत. असेलही. पण मला शंका येते की त्यांच्या बोलण्यात दुसरंही काही होतं : 'मला विचारता येत नाही ते हिनं विचारलं.' हॉलमधल्या कपाटात नवीन विमान आलेलं घरातल्या बाईला कळत नाही, असं होत नाही. त्यांना कळतं, तुम्ही सांगत नाही, त्या विचारत नाहीत, आणि हे वर्षानुवर्षं चाललंय. हल्ली कपाटाकडे बघवत नाही असं तुम्ही म्हणता. त्यातला किती भाग १९४५चा आहे आणि किती मागच्या पार्सलाचा, हे एकदा शांतपणे स्वतःला विचारा.

उपाय सरळ आहे आणि तो आधी करायचा, कार्डांच्याही आधी. आजपर्यंत किती पैसे गेले याचा खरा आकडा काढा. 'अंदाजे' नको. मॉडेलची किंमत, परदेशी कुरियर, सीमाशुल्क, कपाट, त्यातले दिवे, सगळं धरा. तो आकडा पत्नीपुढे ठेवा. रकमेपेक्षा लपवण्यावर त्या रागावतील, आणि तो राग रास्त आहे. मध्ये न बोलता ऐका. मग दोघं मिळून वर्षाची एक रक्कम ठरवा. मुलीचं शिक्षण, आईंचं औषधपाणी, तुमची निवृत्ती यांचे हप्ते गेल्यावर जे उरेल त्यातून. तेवढीच रक्कम पत्नीनं स्वतःसाठी, कुणाला हिशोब न देता खर्च करावी. पुढचं प्रत्येक पार्सल घरच्या पत्त्यावर आलं पाहिजे आणि सगळ्यांसमोर उघडलं गेलं पाहिजे. तुमच्या पार्सल उघडण्यातली मजा त्यांनी आजवर पाहिलेलीच नाही!

हे सदर वाचणाऱ्या इतर संग्राहकांसाठीही पैशाचं थोडं सांगते. खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२०मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर आणि २०२३मध्ये ७० टक्क्यांवर गेलं, आणि मोजमापाची छोटी मॉडेल्स याच वर्गात धरली जातात. भेटवस्तू म्हणून आलेल्या पार्सलांना मिळणारी सूट २०१९च्या डिसेंबरातच बंद झाली. विकणाऱ्याला किंमत कमी लिहायला सांगणं किंवा 'भेट' लिहायला लावणं हे प्रकार करू नका. कागदावर खोटं आणि वर घरीही खोटं, अशानं छंदाचा आनंद राहत नाही. आणि 'ही गुंतवणूक आहे' हे घरी सांगायचं कारणही सोडून द्या. एखाद्या मॉडेलची किंमत चढते, हे खरं. पण त्याच साच्यातून नव्या नंबरचं विमान पुढच्या वर्षी निघतं आणि जुन्याची मागणी बसते. आवडतं म्हणून घ्या, तसंच सांगा.

हात राखून खर्च करायचा असेल तर प्लास्टिकची किट्स बघा. १:७२चं किट डायकास्टच्या मानानं बरंच स्वस्त पडतं, ते जोडायला-रंगवायला महिनाभर लागतो, आणि महिनाभर काही विकत घ्यावंसं वाटत नाही. शिवाय जोडताना बॉम्ब कुठे बसतो ते हातानं बसवावं लागतं. मुलीबरोबर बोलायला त्याहून चांगली वेळ मिळणार नाही.

जुनी मॉडेल्स दुसऱ्याकडून घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवायचं. डायकास्ट म्हणजे जस्ताचा मिश्रधातू. जुन्या काळी, विशेषतः दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या मालात, त्यात शिसं मिसळलेलं राहून जायचं आणि त्यामुळे धातू आतून भुसभुशीत होत जातो. रंगाखाली फुगवटे, केसाएवढ्या चिरा, वाकलेले पंख दिसले तर घेऊ नका. हे दुखणं बरं होत नाही आणि दमट हवेत वाढतं. आपल्या पावसाळ्यात नव्या मॉडेलनाही जपावं लागतं. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, ऊन थेट येऊ देऊ नका, देवघराचा धूर आणि फोडणीचा तेलकटपणा पोचणार नाही अशी भिंत निवडा. उचलताना विमान पोटाखाली धरा. पंखा, अँटेना आणि चाकांचे पाय सगळ्यात आधी तुटतात. ओलं फडकं नको. मऊ ब्रश बास.

आणि या मंडळींच्या घरच्यांसाठी : त्यांना "अजून किती?" असं विचारण्याऐवजी एखादं विमान बोटानं दाखवून "हे कुणाचं?" असं विचारून बघा. हिशोब मागायचा तुमचा हक्क त्यानं कमी होत नाही. पण माणूस बोलायला लागला की लपवाछपवी आपोआप कमी होते, असा माझा अनुभव आहे.

मुलीशी सगळं बोलून झाल्यावरही ती म्हणाली की ते बी-२९ हॉलमध्ये नको, तर ते काढा. घर तिचंही आहे. तुमच्या खोलीत ठेवा, कार्डासकट, आणि वाटलं तर ती बघायला येईल. विकायचा निर्णय मात्र दिवाळीपर्यंत घेऊ नका. तोवर पत्नीबरोबरचा हिशोब होईल, दहा-पंधरा कार्डं लिहून होतील, आणि कुठल्या विमानांबद्दल तुम्हाला लिहिण्यासारखं काहीच नाही, ती केवळ मोहापायी घेतली होती, हे तुमचं तुम्हालाच दिसेल. ती विमानं खुशाल विका, आणि आलेले पैसे पत्नीच्या हातात द्या. विकताना ओळखीच्या संग्राहकांना आधी विचारा. जुन्या बाजारात किंवा भंगारात देऊ नका, तिथं ती वजनावर जातील. रिकामे बॉक्स आणि आतले प्लास्टिकचे साचे माळ्यावर जपून ठेवा, त्यांच्याशिवाय किंमत बरीच उतरते.